आठ वर्षांच्या नातवाचा दात काढायचा की वाचवायचा?

पत्र :
नमस्कार डॉक्टर. मी नाशिकला पंचवटीत राहते. मुलगा आणि सून दोघंही अंबडला कंपनीत जातात, त्यामुळे नातू दिवसभर माझ्याकडे असतो. आता साडेआठ वर्षांचा आहे. गेल्या रंगपंचमीला शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेला जमिनीतला हौद, बघायला मी त्याला घेऊन गेले. रंगाच्या पाण्यानं सगळं निसरडं झालेलं, हात सोडून पळाला आणि तोंडावर आपटला. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. जरा रक्त आलं, थांबलं. मला वाटलं दुधाचा दात आहे, पडेल आणि नवा येईल. दोन दिवसांनी तोही विसरला. आता दसरा झाल्यावर त्या दाताच्या वर हिरडीवर पुळी आली आहे, दाबली की पू येतो. दात राखाडी पडलाय. दुखत मात्र नाही. एका डॉक्टरांनी काढून टाका म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, नस मेली आहे पण मूळ अर्धवट आहे, नेहमीचं रूट कॅनॉल जमणार नाही. दाताच्या आत मुद्दाम रक्त आणून मूळ वाढतं का ते बघू. मेलेल्या दाताचं मूळ कसं वाढेल? पोरावर प्रयोग तर नाही ना करत? सून काही बोलत नाही, पण माझ्या हातून झालं हे मला खातंय. आणि हा आत्तापासून विचारतोय, पुढच्या रंगपंचमीला नेशील ना.
– एक आजी

काकू,

दात काढायला आत्ता हो म्हणू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण पत्र पोस्टात पडल्यापासून हे उत्तर छापून येईपर्यंत कुणीतरी घाई करेल अशी मला धास्ती आहे.

तो दुधाचा दात नाही. वरचे मधले दोन पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, ते कायमचेच. मात्र दात हिरडीतून बाहेर आला की तो पुरा झाला असं नसतं. हाडाच्या आत त्याचं मूळ पुढे आणखी साधारण तीन वर्षं घडत असतं. नातू पडला तेव्हा त्याचा दात वरून छान पूर्ण दिसत होता आणि आत बांधकाम चालू होतं. दुधाचा दात समजण्याची चूक फार जणांची होते. चांगले शिकलेले आईवडीलही माझ्यासमोर बसून हेच म्हणतात.

आपण ज्याला नस म्हणतो ती दाताच्या पोकळीतली मऊ, जिवंत गादी असते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, संवेदना नेणारे तंतू असतात आणि कडेला दाताची भिंत आतून लिंपत जाणाऱ्या पेशी असतात. म्हणजे नस हीच गवंडी. मूळ लांब करणं, भिंती जाड करणं आणि शेवटी टोक निमुळतं करत आणणं हे तिचं काम. गवंडीच गेला की भिंत जिथे असेल तिथे थांबते. अशा दाताचा एक्स-रे पाहिलात तर मुळाचं टोक नरसाळ्यासारखं उघडं दिसतं आणि दोन्ही बाजूच्या भिंती पातळ दिसतात. डॉक्टरांकडे गेलात की तो एक्स-रे स्वतः बघायला मागा. शेजारच्या दाताशी ताडून पाहिलंत की फरक तुमच्याही लक्षात येईल.

पडल्यावर नस मरते ती दोन वाटांनी. एक तर धक्क्यानं मुळाच्या टोकातून आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, किंवा उडालेल्या कोपऱ्यातून जंतू हळूहळू आत शिरतात. पुष्कळदा दोन्ही होतं. मग मेलेल्या नसेत जंतू वाढतात, पू हाडातून वाट काढतो आणि हिरडीवर पुळी बनून बाहेर येतो. पूला वाट मिळाली म्हणून दुखत नाही. तेव्हा दुखत नाही या गोष्टीवर विसंबू नका. पुळी दाबू नका, तिला लवंगेचं तेल किंवा मशेरी लावू नका. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील, तेवढ्यानं तोंड स्वच्छ राहील, आतला दोष जाणार नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणून देऊ नका. त्यानं पुळी आठ-दहा दिवस बसेल आणि परत येईल, कारण मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही तर गोळीचं औषध तिथे पोचणार कसं? फक्त ओठ किंवा गाल सुजला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तेव्हा सुट्टी, मुहूर्त, काही बघायचं नाही.

आता, का काढू नये? साडेआठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात काढला तर तिथे बसवायला पक्कं काही नसतं. इम्प्लांट जबड्याची वाढ संपल्याशिवाय, म्हणजे निदान अठरा वर्षांचा होईपर्यंत, बसवत नाहीत. कारण इम्प्लांट हाडाबरोबर वाढत नाही, बाकीचे दात खाली येत राहतात आणि तो वरच अडकून राहतो. तोपर्यंत काढता-घालता दात, म्हणजे तारेची प्लेट. शाळेत ती रुमालात गुंडाळून ठेवायची आणि हरवायची. शिवाय दात गेला की त्या जागचं हाड वर्षागणिक पातळ होत जातं, मग पुढे इम्प्लांटलाही आधार उरत नाही. त्यामुळे उपचार केलेला दात पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी गेला, तरी मधली वर्षं त्यानं हाड राखलेलं असतं. मला ते अपयश वाटत नाही. वाढत्या मुलाच्या तोंडात दहा वर्षं म्हणजे पुष्कळ.

नेहमीचं रूट कॅनॉल जमणार नाही हे दुसऱ्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. रूट कॅनॉलमध्ये आतली पोकळी कानसून शेवटी गटापर्चा नावाचं रबरासारखं भरण दाबून बसवतात. त्याला टिकायला मुळाचं टोक अरुंद लागतं. नरसाळ्यातून ते खाली हाडात सरकेल. आणि कानस फिरवायची तर भिंत आधीच पातळ आहे.

यावर जुना उपाय कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. आत ते औषध भरायचं, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचं, आणि टोकाशी कठीण पापुद्रा धरेपर्यंत थांबायचं. कधी सहा महिने, कधी दीड वर्ष. मी शिकले तेव्हा हीच रीत होती आणि मी ती मन लावून केली. निफाडकडचा एक मुलगा माझ्याकडे दीड वर्ष येत होता, वडील मोटरसायकलवर घेऊन यायचे. पापुद्रा सुंदर धरला. मी दात भरला, घरी सगळ्यांना पेढे वाटले गेले. सात-आठ महिन्यांनी ऊस सोलताना तो दात हिरडीच्या रेषेत कट्कन मोडला. मोडलेला तुकडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून आणला होता. ती पुडी मला अजून दिसते.

माझं काय चुकलं ते मला नंतर वाचून समजलं. स्वीडनमधल्या मिओमिर त्स्वेक यांनी १९९२ साली अशाच दातांचा हिशेब मांडला होता. मूळ जितकं अपुरं, तितकं मोडण्याचं प्रमाण जास्त: बऱ्यापैकी वाढलेल्या मुळांमध्ये २८ टक्के आणि सर्वांत अपुऱ्या मुळांमध्ये ७७ टक्के. पुढे २००२ साली डेन्मार्कच्या आंद्रेआसेन यांनी मेंढीच्या कोवळ्या दातांवर दाखवलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने आत राहिलं तर दाताची ताकदच कमी होते, वर्षभरात निम्म्यावर येते. काही आठवड्यांपुरतं तेच औषध निर्धोक आणि उपयोगी आहे. तेव्हा तुमच्याकडे कुणी वर्षभर औषध बदलत राहू म्हणालं, तर नम्रपणे दुसरा सल्ला घ्या.

आज दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे मुळाच्या उघड्या टोकाशी एमटीए किंवा बायोडेंटिनसारख्या सिमेंटची चार-पाच मिलिमीटरची गुडदी, म्हणजे बूच, बसवायची आणि वर भरण करायचं. एक-दोन बैठकांत होतं आणि भरवशाचं आहे. पुळी जाते, हाड भरतं. मूळ मात्र आहे तेवढंच राहतं, भिंती पातळच राहतात.

दुसरा मार्ग तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला. मेलेल्या दाताचं मूळ कसं वाढेल, हे तुम्ही विचारलंत ते अगदी नेमकं आहे. मेली आहे ती आतली नस. दाताच्या बाहेर, मुळाच्या उघड्या टोकाखाली हाडात, एक मऊ गादी असते. मूळ वाढवणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) तिथे असतात, आणि वर पू झालेला असतानाही त्यातल्या बऱ्याच तग धरून राहतात, कारण कोवळ्या वयात तिथला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्या पेशींना दाताच्या स्वच्छ केलेल्या पोकळीत बोलावून आणायचं, एवढाच सगळा बेत आहे. बोलावायचं कसं? तर टोकाच्या जरा पलीकडे बारीक सुईनं छेडून रक्त येऊ द्यायचं. ते दातात चढतं, गोठतं, आणि त्या गुठळीच्या जाळीवर पेशी वस्ती करतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये असं दातात चढलेलं रक्त तपासलं, तर अंगातल्या इतर रक्ताच्या मानानं त्यात मूळपेशींच्या खुणा कित्येक पटींनी जास्त सापडल्या. म्हणून ते रक्त तिथलंच हवं. ही रक्ताची भीती तुम्ही मनातून काढून टाका, काकू. बाहेरचं रक्त देत नाहीत, चार-दोन थेंबांचंच काम असतं.

प्रयोग म्हणाल तर कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी १९६१ मध्येच दाताच्या पोकळीतल्या रक्ताच्या गुठळीवर काम केलं होतं. तेव्हा जंतू पुरते मारण्याची सोय नव्हती, म्हणून ते मागे पडलं. २००१ साली जपानमधल्या इवाया आणि सहकाऱ्यांनी एका उपदाढेचा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढेचा, वृत्तांत छापला: अशीच पुळी होती, मूळ अपुरं होतं, आणि उपचारानंतर मूळ पुढे वाढलं. २००४ साली बँक्स आणि ट्रोप यांनी तीन जंतुनाशकांचा लेप आणि रक्ताची गुठळी अशी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत लिहून काढली आणि तिथून हे जगभर गेलं. आज अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मूळनलिका (रूट कॅनॉल) तज्ज्ञांच्या संघटनांनी तिचे लेखी नियम केले आहेत. तेव्हा तुमच्या नातवावर कुणी प्रयोग करत नाही. पण पद्धत तरुण आहे, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही तितकंच खरं. ते पुढे सांगते.

खुर्चीत काय होईल? पहिल्या दिवशी भूल, दाताभोवती रबराची चादर, म्हणजे रबर डॅम (हा नसेल तर हा उपचार करून घेऊ नका, थुंकी आत गेली की सगळं फुकट), मग मागच्या बाजूनं लहान छिद्र. आत कानस जवळजवळ फिरवत नाहीत. हायपोक्लोराइट नावाचं जंतुनाशक, तेही सौम्य, हळूहळू सोडून धुतात. सौम्य अशासाठी की तीव्र द्रावण जंतूंबरोबर त्या मूळपेशींनाही मारतं. मग औषध भरून तात्पुरतं बंद. एक ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तोवर पुळी गेलेली हवी. गेली नसेल तर धुणं आणि औषध पुन्हा, घाई करायची नाही.

दुसऱ्या बैठकीची भूल वेगळी असते. नेहमीच्या भुलीत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळलेलं असतं. इथे रक्त यायला हवं म्हणून ते नसलेली भूल देतात, आणि ती लवकर उतरते. त्यामुळे टोकापलीकडे छेडताना नातवाला एक कळ जाऊ शकते. त्याला आधी सांगून ठेवा, फसवू नका. ती कळ खाली जिवंत पेशी असल्याची खूण आहे, आणि मी तर ती आली की मनातून सुखावते. छेडण्याआधी ईडीटीए नावाचं द्रावण आत सोडतात. दाताच्या भिंतीत लहानपणापासून मुरून बसलेली वाढीची द्रव्यं त्यानं मोकळी होतात. मग रक्त, पंधराएक मिनिटं गोठायला, त्यावर सिमेंट, त्यावर पक्कं भरण, आणि उडालेला कोपरा दाताच्या रंगाच्या कंपोझिटनं. त्या दिवशी तो आरशात बघेल तेव्हा तुम्ही शेजारी असा.

आता अपेक्षा किती ठेवायची. पुळी जाणं, हाड भरून येणं आणि दात तोंडात राहणं हे पहिलं उद्दिष्ट, आणि ते बहुतेक मुलांत साधतं. मूळ जाड आणि लांब होणं हे दुसरं. ते कुणात छान होतं, कुणात थोडं, कुणात टोक नुसतं बंद होतं आणि भिंत तशीच राहते. मार लागून मेलेल्या पुढच्या दातांत ते उपदाढांइतकं चांगलं होत नाही, कारण आपटताना ती खालची गादीही दुखावलेली असते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि आत जे तयार होतं ती जुनी नस नसते. नवे गवंडी बाहेरगावचे, ते त्यांच्या ओळखीची वीट लावतात: मुळाच्या बाहेरच्या आवरणासारखं, हाडासारखं काहीतरी. सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळंच दिसतं, पण भिंतीला आधार देतं आणि मोकळी जागा जंतूंना मिळू देत नाही. कधी छेडूनही रक्तच येत नाही. तसं झालं तर एमटीएची गुडदी आहेच, दात सोडायची वेळ येत नाही. म्हणून मी आधी दुसरा मार्ग करून बघा म्हणते. तो फसला तर पहिला उरतो. उलटं करता येत नाही, गुडदी बसली की वाट बंद.

एक अपवाद. एक्स-रेत मूळ जवळजवळ पूर्ण लांबीचं आणि भिंती जाड दिसल्या, नुसतं टोकच उघडं असलं, तर सरळ गुडदी बसवून मोकळे व्हा. नातवाचं वय आणि दात मेला तो काळ पाहता तसं असेल असं वाटत नाही, पण शेवटचा शब्द एक्स-रेचा.

रंगाचं डॉक्टरांशी आधी बोला. ते तीन जंतुनाशकांच्या लेपातलं मिनोसायक्लिन दात काळवंडवतं, आणि एमटीएसुद्धा रक्ताला लागून राखाडी पडतं. पुढच्या दाताला कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि बायोडेंटिन वापरणार का, एवढं विचारा. विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. नातवाला हृदयाचा जन्मजात दोष, रक्त न थांबण्याचा त्रास किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर न विचारताही सांगा.

जायचं कुठे? लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ किंवा मूळनलिका तज्ज्ञ, म्हणजे एंडोडॉन्टिस्ट. तुमच्या पंचवटीतच कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग असतात आणि खर्चही खाजगीपेक्षा कमी येतो. वेळ जास्त लागतो, डबा घेऊन जा. दिवाळीच्या सुट्टीत पहिली बैठक बसली तर शाळा बुडणार नाही. शेजारचा पटाशीचा दातही तपासून घ्या, धक्का त्यालाही बसलाय. त्या दाताला लावलेलं थंड नातवाला कळलं नाही एवढ्यावरून मात्र तो दात उघडू देऊ नका. कोवळे दात त्या तपासणीला नीट उत्तर देत नाहीत. रंग, पुळी, एक्स-रेतला बदल, यातल्या निदान दोन खुणा जुळल्याशिवाय नस मेली म्हणायचं नाही.

आणि हे सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे परत परत जाणं. सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी, मग दरवर्षी, निदान चार वर्षं. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत आणि आत परत जंतू शिरलेले कळत नाहीत. प्रत्येक एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि त्याच्या जन्मदाखल्याच्या फाइलीत ठेवा. मुलाची बदली झाली, घर बदललं, तरी पुढच्या डॉक्टरला जुन्या मुळाशी नवं मूळ ताडून बघता आलं पाहिजे.

तुमच्या हातून झालं, असं लिहिलंत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. त्याच दिवशी दाखवलं असतं तर उडालेला कोपरा झाकता आला असता आणि नस वाचण्याची शक्यता वाढली असती. पण मुळाशी रक्तवाहिन्या तुटल्या असतील तर त्याच संध्याकाळी माझ्या खुर्चीत आणून बसवूनही ती मेली असती, आणि कुठलं झालं हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पुळी दिसल्यावर आठवड्याभरात दोन डॉक्टर गाठणाऱ्या, आणि काढा म्हटल्यावरही न थांबता पत्र लिहिणाऱ्या तुम्हीच आहात. सुनेशी एकदा बोला. हे पत्र तिला वाचायला द्या. गप्प राहणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते आपण आपल्याच भीतीनं भरून काढतो. तिलाही कदाचित कामावर असल्याची टोचणी असेल.

रंगपंचमीला न्या त्याला. मीही लहानपणी काकाच्या खांद्यावर बसून रहाडीतले धप्पे, म्हणजे उड्या, बघितलेत. सगळे उडी मारत असताना पोराला घरी बसवणं काही बरं नाही. हात धरून, पायात घट्ट पट्ट्याच्या चपला घालून न्या, आणि क्रिकेट खेळत असेल तर तज्ज्ञांकडून त्याच्या मापाचा माउथगार्ड करून घ्या. दिवाळीत पहिली बैठक झाली आणि पुळी वेळेत गेली, तर वरचं पक्कं भरण डिसेंबरातच होऊन जाईल. लांबलं तरी ते रंगपंचमीच्या आधी झालेलं असेल, एवढी तारीख मात्र डॉक्टरांकडून आत्ताच मागून घ्या.